अण्णांचं लॉगशीट: नाशिक–सुरगाणा–साल्हेर–नाशिक

आमच्या गाडीत गिअरजवळ एक गोल खटका आहे. एका टोकाला टू-डब्ल्यूडी, मधे ऑटो, दुसऱ्या टोकाला लॉक. २०१५ ची डस्टर एडब्ल्यूडी, म्हणजे लागेल तेव्हा चारही चाकं ओढणारी, डिझेल, सहा गिअरची. सेकंड हँड घेऊन साडेतीन वर्षं झाली आणि तेवढ्या काळात तो खटका खऱ्या कामासाठी मी तीनदाही फिरवला नसेल. एकदा लेकीने गाण्याचा आवाज वाढवायला म्हणून फिरवला होता, तो धरला तर तीन. बाकी गाडीचं आयुष्य म्हणजे गंगापूर रोड, शाळा, भाजी, आणि महिन्याकाठी एकदा कळवण.

अण्णांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, ह्या खटक्यावर पहिल्यापासून राग. कळवण डेपोत एकतीस वर्षं एसटी चालवलेला माणूस. "एसटीचा मागचा एकच एक्सल ओढायचा," ते म्हणतात. "वर पन्नास माणसं, टपावर पोती. तरी सुरगाण्याची मुक्कामी गाडी जायचीच. तू चार चाकांचे पैसे मोजलेस, मग ने की कुठेतरी."

हे तीन वर्षं ऐकल्यावर एक दिवस मी म्हटलं, चला, तुमच्याच रूटवर जाऊ. डांबर सोडून, गाडीवाटांनी. नाशिकहून हरसूल, पेठ, सुरगाणा, तिथून केमच्या डोंगराची बाजू, मग साल्हेर. तीन दिवस. कोजागरी उलटल्यावर निघायचं ठरवलं, कारण कोजागरीला सप्तशृंगी गडावर कावडी येतात आणि त्या दिवसांत नांदुरीकडचे रस्ते पायी चालणाऱ्यांचे असतात. शिवाय पाऊस नुकता हटलेला, ओहोळ अजून वाहते, वाटांवर चिखल. बघायचंच आहे तर तेव्हाच बघावं.

दिवस पहिला: नाशिक ते सुरगाणा

सहा वाजून दहा मिनिटांनी सोसायटीच्या गेटातून बाहेर पडलो. अण्णा पुढे, ही आणि लेक मागे. गेटपाशीच अण्णांनी पिशवीतून दोनशे पानी वही काढली. उभ्या रेघा आधीच मारून आणल्या होत्या: ठिकाण, वेळ, मीटर, शेरा. "लॉगशीटशिवाय गाडी डेपोबाहेर काढत नाहीत," असं म्हणून त्यांनी पहिली नोंद केली. नाशिक, ०६:१०, ८७४१२, निरंक.

गिरणाऱ्याला टोमॅटोचा हंगाम. सकाळीच क्रेट भरलेल्या पिकअपची रांग. त्यातून वाट काढायला अर्धा तास गेला आणि मला अण्णांचा पहिला शेरा मिळाला: "रहदारी". पुढे वाघेऱ्याचा घाट, धुकं, हरसूल, चहा. इथपर्यंत डांबर होतं, त्यामुळे सांगण्यासारखं काही नाही.

हरसूल सोडल्यावर पेठच्या बाजूला जाताना डांबरी रस्ता टाकून एका धारेवरची गाडीवाट धरली. वाट विचारूनच धरली. ह्या भागात अर्धी जमीन वनखात्याची आणि अर्धी कोणाच्या तरी भाताची, नागलीची. टायरच्या खुणा आहेत तिथूनच जायचं आणि बांध दिसला की थांबायचं, हे आम्ही घरीच ठरवलं होतं. दोन्ही अंगांना खुरासणी फुललेली, पिवळीधमक. मधे मधे नागलीचे तांबूस पट्टे. हिने खिडकीतून हात बाहेर काढला तर फुलं हाताला लागत होती. वाट तेवढी अरुंद होती.

थोडं पुढे गेल्यावर मी उतरून चारही टायरची हवा तेहतीसवरून चोवीसवर आणली. हवा कमी केली की टायर जमिनीवर जास्त पसरतो, पकड वाढते आणि दगडावरचे दणके थोडे मऊ होतात. परत डांबरावर आलं की भरायची. त्यासाठी बारा व्होल्टच्या सॉकेटवर चालणारा छोटा पंप आणला होता. अण्णांनी हे सगळं खाली न उतरता पाहिलं. "हवा सोडायला इतक्या लांब आलो," एवढंच म्हणाले. ह्या हवेचा हिशेब दुसऱ्या दिवशी चुकता झाला, तो पुढे येईलच.

मग चाकोरी लागली.

चाकोरी हा शब्द आपण शहरात फक्त नोकरीबद्दल बोलताना वापरतो. इथे ती खरी होती. पावसाळाभर ट्रॅक्टर जाऊन जाऊन दोन खोल चर पडलेले, तळाला चिखलाचं पाणी, आणि मधे गवत उगवलेला वरंबा. मी गाडी चरात घालणार तेवढ्यात अण्णा "थांब" म्हणाले आणि खाली उतरले. वरंब्यापाशी उकिडवे बसले. उजव्या हाताची वीत ताणली, करंगळी चराच्या तळाशी टेकवली आणि अंगठा वर नेला. अंगठ्याच्या वरही चार बोटं माती उरली. मग तसेच गाडीपाशी आले, मांडी ठोकून बसले आणि पुढच्या चाकामागे गाडीच्या पोटाखाली वीत लावून बघितली.

"तुझी गाडी वीतभर. वरंबा वीत आणि चार बोटं. आता तू सांग."

कंपनीच्या कागदावर ह्या गाडीचा ग्राउंड क्लिअरन्स २१० मिलिमीटर आहे. अण्णांची वीत साधारण तेवढीच निघाली. शिवाय आत चार माणसं आणि डिकीत सामान, म्हणजे गाडी थोडी बसलेलीच. चरात उतरलो असतो तर पोट वरंब्यावर टेकलं असतं आणि चारही चाकं अधांतरी फिरत राहिली असती. फिरणारी चाकं दोन काय, चार काय, जमिनीला लागलीच नाहीत तर काय ओढणार? वर इंजिनाखालचं तेलाचं चेंबर फुटण्याची भीती वेगळी.

म्हणून डावी चाकं वरंब्यावर, उजवी चराबाहेरच्या काठावर, आणि चर दोन्ही चाकांच्या मधे, असं निघालो. अण्णा पुढे उलटे चालत, हाताने डावं-उजवं दाखवत. वरंब्यावरचं गवत ओलं होतं. दोनदा मागचं चाक घसरून चरात उतरायला बघत होतं. खटका लॉकवर होता. पुढची चाकं घसरायच्या बेताला आली की मागून ढकलल्यासारखं जाणवायचं आणि गाडी सरळ राहायची. साध्या पुढच्या चाकांच्या गाडीने इथे नाक चरात घातलं असतं, ह्याबद्दल मला शंका नाही. अण्णांना आहे.

साधारण दीडशे मीटरला अठरा मिनिटं लागली. वहीत शेरा: "चाकोरी".

धार संपल्यावर मुरमाचा उतार होता, सुटा, पायाखालून घरंगळणारा. ह्या गाडीला जीपसारखी लो रेंज, म्हणजे अवघड वाटेसाठीचे वेगळे हळू गिअर, नाही. त्याच्या बदल्यात पहिला गिअर मुद्दाम लहान ठेवलेला आहे. शहरात सिग्नलला त्याचा वैताग येतो, गाडी हलली न हलली तोच दुसरा टाकावा लागतो. इथे मात्र पहिल्यात टाकून दोन्ही पाय पेडलवरून काढले आणि गाडी म्हाताऱ्या बैलासारखी आपली आपण उतरली. ब्रेकवर पाय ठेवून उतरायचा प्रयत्न केला असता तर सुट्या मुरमावर चाकं अडकून गाडी घसरली असती. "ज्या गिअरात चढशील त्याच गिअरात उतर," हे अण्णा मला लहानपणापासून सांगत आलेत. सापुताऱ्याच्या घाटात एसटीच्या बॉनेटवर बसून मी ते पहिल्यांदा ऐकलं होतं.

खाली ओहोळ. फरशी पूल पावसात खचलेला, बाजूने पाण्यातून वाट. पाणी स्वच्छ दिसत होतं, पलीकडचा काठ वीस-पंचवीस पावलांवर. मी म्हटलं, जाऊ. हिने काही न बोलता सलवार गुडघ्यापर्यंत दुमडली, वाटेवरची एक काठी उचलली आणि पाण्यात शिरली. मधोमध काठी एकदम आत गेली, मांडीपर्यंत. तिने तिथेच उभं राहून माझ्याकडे पाहिलं. पलीकडे धुणं धुणारी एक बाई ओरडून म्हणाली, "तिथं डोह हाय. परवा टॅक्टर रुतला व्हता."

गाडी वळवली. अरुंद वाटेवर पाच वेळा पुढे-मागे करून वळवली आणि सतरा किलोमीटरचा वळसा घेऊन पुन्हा डांबराला लागलो. परतताना मला खरं तर जरा वाईट वाटत होतं. लेक मागून म्हणाली, "बाबा, आई गाडीपेक्षा उंच आहे का?" त्या प्रश्नाचं उत्तर मी अजून दिलेलं नाही.

पेठ, बाऱ्हे, आणि अंधार पडल्यावर सुरगाणा. १९४८ पर्यंत हे छोटं संस्थान होतं. त्याच वर्षी १ जूनला पुणे–नगर अशी पहिली एसटी धावली, त्यामुळे अण्णांच्या इतिहासात "संस्थान गेलं आणि एसटी आली" असं एकच वाक्य आहे. मुक्काम सुरगाण्याजवळच्या एका पाड्यावर, अण्णांच्या जुन्या कंडक्टरकडे. एसटीत कंडक्टरला मास्तर म्हणतात. निवृत्त होऊन इतकी वर्षं झाली तरी अण्णांसाठी ते मास्तरच, आणि अण्णा त्यांच्यासाठी "डायवरसाहेब". चुलीवरची नागलीची भाकरी, उडदाचं वरण, खुरासणीची चटणी. दोघं रात्री साडेअकरापर्यंत कुठल्या तरी पावसाळ्यातल्या एका तुटलेल्या पाट्याबद्दल बोलत होते. स्प्रिंगचा पाटा कोणत्या बाजूचा तुटला होता ह्यावर एकमत न होताच झोपले.

दिवस दुसरा: सुरगाणा ते साल्हेर

सकाळी मास्तर तयार होऊन गाडीपाशी उभे. कळवणपर्यंत येतो म्हणाले, आणि जाताना केमच्या बाजूची एक वाट दाखवतो. केमच्या डोंगरात गिरणा उगम पावते. आमच्या कळवणची, पुढे मालेगावची, खानदेशची गिरणा. नाशिककर गोदावरीचा उगम बघायला ब्रह्मगिरी चढतात, गिरणेच्या उगमाकडे सहसा कोणी फिरकत नाही. मास्तर मागे, ही आणि लेक त्यांच्या बाजूला, गाडीत आता पाच जण.

बोरगावकडे जाताना रस्त्याकडेला स्ट्रॉबेरीचे वाफे, काळ्या कागदावर नुकती लावलेली रोपं. फळ यायला अजून वेळ होता, त्यामुळे लेकीचा हिरमोड. तिथून मास्तरांनी दाखवलेल्या कच्च्या वाटेला लागलो. चढ, दगड, सागाची झाडं, पाचोळा. छान चाललं होतं. इतकं छान की मी जरा ऐटीत आलो.

वाटेला आडवी एक नळी आली. पावसाच्या पाण्याने कापलेली, गुडघाभर खोल. मी कुठेतरी वाचलं होतं की अशी नळी सरळ ओलांडू नये, तिरकी घ्यावी, म्हणजे बंपर आपटत नाही. तशी तिरकी घातली. बंपर नाही आपटला. डावं पुढचं चाक नळीत उतरलं आणि तळाला टेकायच्या आत उजवं मागचं चाक हवेत उचललं गेलं. गाडी कर्णावर डुगडुगत उभी राहिली, चार पायांचं टेबल ओबडधोबड फरशीवर ठेवल्यासारखी.

खटका लॉकवरच होता. रेस दिली. नळीतलं चाक गरगर फिरलं, हवेतलं चाक गरगर फिरलं, आणि जमिनीवर घट्ट टेकलेली दोन चाकं ढिम्म. आणखी रेस दिली. क्लचचा जळका वास आला.

"पाय काढ," अण्णा म्हणाले. आवाज ओरडल्यासारखा नव्हता, पण मी पाय काढला.

त्या लॉकचं काम नीट समजावं लागतं. डिफरन्शियल म्हणजे एक्सलवरच्या दोन चाकांत जोर वाटणारा गिअरांचा गोळा. गाडीच्या मागच्या डिफरन्शियलपुढे एक विजेवर चालणारा क्लच आहे. ऑटोमध्ये पुढची चाकं घसरली की तो मागे जोर पाठवतो. लॉकमध्ये तो पुढचा आणि मागचा एक्सल एकमेकांना बांधून ठेवतो. (वेग वाढला की लॉक आपोआप सुटतो, ती वेगळी गोष्ट.) पण बांधतो ते दोन एक्सलना. एका एक्सलवरच्या डाव्या आणि उजव्या चाकामधलं डिफरन्शियल मोकळंच राहतं, आणि मोकळं डिफरन्शियल त्याच चाकाला फिरवत बसतं ज्याला कमी अडथळा असतो. हवेतल्या चाकाला अडथळाच नाही. पुढच्या एक्सलचा जोर नळीतल्या चाकाने खाल्ला, मागच्याचा हवेतल्याने. खऱ्या जीपचे एक्सल असे वाकडेतिकडे हलतात की चाकं जमीन सोडत नाहीत. ही शेवटी फॅमिली गाडी, चाकांना तेवढी झेप नाही. तिरकी घातली तिथेच चूक झाली होती.

सगळे उतरलो. अण्णांनी गाडीभोवती एक चक्कर मारली, नळीत उतरून चाकाखाली हात घालून पाहिला. "भराव टाका."

मग दगड गोळा करणं. मास्तर चपटे दगड निवडत होते, लेक छोटे आणत होती, ही झाडाच्या फांद्या. अण्णा नळीत बसून एकेक दगड बसवत होते, गवंड्यासारखे, उलटा-सुलटा करून, मधल्या फटीत खडी ठोकून. मी जॅक लावून नळीतलं चाक थोडं उचललं म्हणजे खाली दगड सरकवता येतील. पाऊण तास गेला. वरून ऊन.

तेवढ्यात मागून हॉर्न. काळीपिवळी जीप. आत बारा-तेरा माणसं, टपावर दोन बोकड आणि एक सायकल. ड्रायव्हर विशीतला, कानात बाळी. उतरून आमच्या गाडीकडे पाहिलं, अण्णांकडे पाहिलं.

"माणसं उतरवली व्हती का आधी?"

नव्हती उतरवली. पाच जण आत बसवून मी नळीत घुसलो होतो.

"नळीत जायच्या आधी माणसं उतरवायची. गाडी हलकी व्हती, उचलती," तो म्हणाला, आणि आमचा भराव बघून "पुरं झालं" म्हणून मागे जाऊन उभा राहिला. मी गाडीत बसलो, एकटाच. पहिला गिअर, रेस अगदी थोडी, क्लच हळू सोडला. दगड खाली दबले, चाकाने धरलं, गाडीने एक हिसका दिला आणि वर आली. मागे उभ्या असलेल्या मास्तरांच्या तोंडून आपोआप निघालं, "टिंग टिंग!" एसटीत एक घंटा म्हणजे थांबा, दोन म्हणजे चला. काळीपिवळीतले सगळे हसले. मग त्या पोराने आपली माणसं उतरवली, आमच्याच भरावावरून जीप सरळ काढली, माणसं पुन्हा भरली आणि धुरळा उडवत आमच्या पुढे निघून गेला. त्याच्या जीपची मागची दोनच चाकं ओढत होती. अण्णांनी माझ्याकडे बघितलं नाही. तेवढी दया त्यांनी केली.

दोन किलोमीटर गेल्यावर स्टेअरिंग डावीकडे ओढायला लागलं. पुढचं डावं टायर बसलेलं. उतरून बघितलं तर पंक्चर नव्हतं, कट होता. टायरच्या अंगाला, बाजूच्या भिंतीत, बोटभर लांब. काळ्या पाषाणाची धार असते ती. भरावातला एखादा दगड उभा राहिला असणार आणि चाक वर येताना त्याने टायर चिरलं.

इथे माझाही वाटा आहे, कबूल करतो. हवा कमी केली की टायरची बाजू फुगून बाहेर येते, आणि अंगाला धार लागायची शक्यता वाढते. चिखलात चोवीस ठीक. दगडांवर थोडी जास्त ठेवायला हवी होती. सकाळी भरायचा मी आळस केला होता.

आता स्टेपनी. साध्या डस्टरची स्टेपनी गाडीच्या पोटाखाली असते. एडब्ल्यूडीत तिथे मागचं डिफरन्शियल आलं, म्हणून स्टेपनी डिकीत, तळाच्या फळीखाली. म्हणजे आधी डिकी रिकामी करा. सतरंजी, दोन बॅगा, स्टोव्ह, पातेलं, चिवड्याचा डबा, मास्तरांनी दिलेली नागलीची पिशवी, लेकीची छत्री, आणि एक क्रिकेट बॅट जी कोणी आणली ते कोणीच कबूल केलं नाही. सगळं वाटेवर मांडून ठेवलेलं, जसं घर बदलतोय. जॅक, पान्हा, वीस मिनिटं.

अजून एक भानगड. स्टेपनी कधीच वापरली नव्हती, पूर्ण नक्षीची. बाकीची तीन टायरं निम्मी झिजलेली. नव्या टायरचा घेर झिजलेल्यापेक्षा मोठा, म्हणून चाकं वेगवेगळ्या वेगाने फिरतात, आणि अशा वेळी लॉक किंवा ऑटोत ठेवलं तर मधला क्लच विनाकारण घासून तापतो. म्हणूनच अशा गाडीला चारही टायर एकदम बदला म्हणतात. खटका टू-डब्ल्यूडीवर टाकला. तिथून कळवणपर्यंत आम्ही साध्या गाडीसारखेच गेलो, आणि केमच्या पायथ्याची राहिलेली वाट सोडून दिली. गिरणेचा उगम मी अजून पाहिलेला नाही.

कळवणला टायरवाल्याने टायर काढून बोट फिरवलं. अंगाला कट असला की साधं पंक्चर चालत नाही. आतून गेटर, म्हणजे जाड पट्टी, मारून देतो, म्हणाला, गावात फिरा, पण हायवेला स्पीडने नेऊ नका, नवीनच घ्या. गेटर मारून स्टेपनीच्या जागी टाकलं. तो आतून पट्टी बसवत होता तेव्हा अण्णा त्याच्या शेजारी स्टुलावर बसले आणि दोघं जुन्या टायरांबद्दल बोलायला लागले. टायरवाल्याचे वडील एसटीच्या वर्कशॉपमध्ये होते म्हणे. पैसे घेताना त्याने अण्णांकडे बघून वीस रुपये कमी घेतले.

मास्तर कळवणला उतरले. बसस्टँडवर. तिथून लालपरीने परत जाणार होते, पासावर. जाताना गाडीच्या पत्र्यावर दोनदा टकटक केली.

डांगसौंदाण्याकडून साल्हेरला पोहोचेपर्यंत संध्याकाळ. खटका टू-डब्ल्यूडीवर, रस्ता बराचसा बरा. एका वळणावर साल्हेर आणि सालोटा एकदम समोर आले, मावळतीच्या उजेडात, दोघांमधली खिंड कोरल्यासारखी. लेक म्हणाली, "हा तो युनेस्कोवाला?" हो, तोच. जुलै २०२५ मध्ये जागतिक वारशात गेलेल्या मराठ्यांच्या बारा किल्ल्यांपैकी एक. महाराष्ट्रातला सगळ्यात उंच किल्ला, १,५६७ मीटर. १६७२ मध्ये मोरोपंत पिंगळे आणि प्रतापराव गुजरांच्या फौजांनी इथे मुघलांना उघड्या मैदानात हरवलं. वाडीत एका घरी ओसरीवर पथाऱ्या टाकल्या.

दिवस तिसरा: साल्हेर ते नाशिक

पहाटे मी आणि लेक खिंडीपर्यंत जाऊन आलो. गड पूर्ण चढायला वेळ नव्हता, वरचं परशुरामाचं मंदिर खालूनच पाहिलं. खिंडीत वारा इतका की बोलणं ऐकू येत नव्हतं. खाली आलो तर अण्णा ड्रायव्हर सीटवर.

सीट पुढे ओढलेली, आरसे त्यांच्या उंचीला लावलेले. एका म्हाताऱ्याशी अहिराणीत बोलणं चाललेलं. "कथा चालनात बाबा?" (कुठे निघालात?) असं काहीसं कानावर आलं आणि अण्णांनी हात करून वाघांबेकडे दाखवलं. मग मला म्हणाले, "बस. कच्चं आहे तेवढं मी घेतो."

साडेतीन-चार किलोमीटर. मी डाव्या सीटवर, पहिल्यांदाच माझ्या गाडीत डाव्या सीटवर. अण्णा स्टेअरिंगला दोन्ही हातांनी धरतात, घड्याळातल्या दहा वाजून दहासारखं, आणि प्रत्येक खड्ड्याच्या आधी गिअर उतरवतात, खड्ड्यात नाही. एका ठिकाणी ओढ्याकाठच्या चिखलात पुढची चाकं किंचित फिरली. खटका टू-डब्ल्यूडीवरच होता, टायरमुळे. अण्णांचा हात त्या खटक्याकडे गेला. मी "नको, क्लच तापेल" म्हणणार होतो. त्यांनी हात मागे घेतला, स्टेअरिंग थोडं डावी-उजवीकडे हलवत रेस कमी केली, आणि गाडी निघाली.

डांबर लागल्यावर पंपाने हवा तेहतीस केली. ताहराबाद, सटाणा, देवळा. हायवेला लागल्यावर ऐंशीच्या वर स्टेअरिंग थरथरायला लागलं. मला वाटलं, झालं, एक्सल गेला. अण्णा म्हणाले, "चिखल." खरंच. रिमच्या आतल्या बाजूला चिखल वाळून चिकटला होता, एका चाकाला जास्त, एकाला कमी, त्यामुळे चाकाचा तोल गेलेला. हायवेवरच्या एका वॉशिंगवाल्याकडे पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने चारही चाकं आतून धुतली. निघालेल्या चिखलात खुरासणीच्या पाकळ्या होत्या. थरथर गेली.

साडेपाचला नाशिक. डिझेल तीस लिटर लागलं. नवीन टायर एकच घ्यायचं की चार, ह्यावर हिचं आणि माझं बोलणं अजून चालू आहे. हिच्या मते एकच. आणि मला पटवायचंय तिला, जिने दोन दिवसांपूर्वी माझ्यासाठी डोहात काठी घातली.

रात्री अण्णांनी वही टेबलावर ठेवली आणि झोपायला गेले. मी उघडून पाहिली. शेवटचं पान असं:

नाशिक, १७:३२, ८७८०८. एकूण ३९६ कि.मी.
उशीर: रहदारी, चाकोरी, डोह, नळी, टायर.
टायर कट, पुढचं डावं. दगड मी लावला होता. उभा राहिला.
गाडी बरी आहे.